चार चाकांचं दाताळं

पहाटे साडेपाच

फेब्रुवारीत राहुरीकडे पहाटेचा गारठा अजून टिकून असतो. काल सकाळी मोवरने पाडलेला अर्धा एकर लसूण घास साऱ्यांमध्ये पसरून पडलाय. वरचा थर सुकायला लागलाय, खालचा मात्र जमिनीची ओल धरून हिरवागार. मूठभर उचलून पिळला तर काड्या वाकतात, मोडत नाहीत. पान देठाला घट्ट आहे. आज दिवसभर ऊन खाल्लं की संध्याकाळी तो ओळीत ओढण्याजोगा होईल. संध्याकाळी जमलं नाही तर उद्या याच वेळी, दव असताना. त्यानंतर ओढण्यात अर्थ नाही.

घासाचं हेच अवघड आहे. गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा भर दुपारी कसाही ओढा, त्याचं काही जात नाही. घासाला वाळल्यावर दुपारी हात लावला की पानं झडतात आणि हातात नुसती काडी उरते. घासातल्या प्रथिनांचा ढोबळमानाने दोन तृतीयांश वाटा पानांत असतो, म्हणजे जमिनीवर पडतं ते पेंडेच्या पोत्यातलंच सांडतं म्हणा. ताज्या घासात शंभरातले पंचाहत्तर ते ऐंशी भाग पाणी. ते चाळीसच्या आसपास उतरलं की ओढायचं, पंधरा-सोळाच्या खाली गेलं की रचायचं. ओलसर रचला तर बुरशी येते, आतून तापतो, आणि फार तापला तर गंज आपोआप पेट घेते.

आमचे अप्पा, म्हणजे माझे चुलते, बांधावर लाकडी दाताळं घेऊन उभे आहेत. बाभळीचा दांडा, आडव्या पट्टीला ठोकलेले खुंट. चार बायका आणि चार दाताळी, एवढ्यावर हा तुकडा सकाळच्या प्रहरात ओळीत यायचा. पण फेब्रुवारी-मार्च म्हणजे कांदा काढणी. गावातल्या सगळ्या बायका कांद्यावर, आणि त्यांनी तिकडे का जाऊ नये? तिथे रोज जास्त मिळतो.

"आज व्हतंय का तुझं ते यंत्र?" अप्पा विचारतात.

"संध्याकाळपर्यंत."

"मंग ह्ये इथंच ठिवतो," म्हणत त्यांनी दाताळं बांधावरच्या लिंबाला टेकवलं. माझ्यावर त्यांचा किती भरवसा आहे ते त्यातून कळलं.

सकाळी सात

दूध संकलनाला घातलं आणि चहा घेता घेता पुन्हा तोच विचार सुरू झाला, जो गेले काही आठवडे डोक्यात आहे. चोवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर, घासाचा आणि मारवेल गवताचा मिळून जेमतेम दोन एकर चारा, दहा-बारा जनावरं. एवढ्याला यंत्र कसलं घ्यायचं?

हिरवा घास कापून थेट गव्हाणीत टाकण्याची आपल्याकडची रीत आहे आणि ती चूक नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली, संकरित गायी गावोगाव आल्या आणि त्यांच्यामागोमाग घासाचे वाफे वाढले. राहुरी विद्यापीठाचा आरएल-८८ हा वाण इथे घरचाच. पण हिवाळ्यात घास इतका फुटतो की जनावरांना पुरून उरतो. आणि एप्रिल-मेमध्ये मुळा धरणाचं आवर्तन लांबलं की तोच वाफा करपलेला असतो. २०१८-१९च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या. तिथे जनावरं बांधून आलेला माणूस हिवाळ्यातला एक पेंढीभर घासही वाया जाऊ देत नाही.

तर निवड. एक रोटरी रेक: ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, म्हणजे पीटीओवर चालतो, गिअरबॉक्समधून फिरणाऱ्या हातांना दाते असतात. घासाला सर्वांत हळुवार, ओळ फुलासारखी हलकी पडते. मला सांगितलेली किंमत तीन लाखांच्या वर, आणि वजन असं की माझ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जावीत. दोन एकरांसाठी तीन लाख! विषय तिथेच संपला.

दुसरा बार रेक. तिरक्या पिंजऱ्यात दात्यांच्या समांतर पट्ट्या फिरतात. अमेरिकेत न्यू हॉलंडचे जुने रोलाबार अजून शेतांत चालतात, ते सेकंडहँड मिळतात, म्हणून तिकडचा छोटा शेतकरी दुसऱ्याला सल्ला देतो की नवं घेऊच नकोस, जुनं शोध. सल्ला सोन्यासारखा आहे, पण आपल्याला लागू नाही. आपल्याकडे ही यंत्रंच उशिरा आली, तर त्यांचा जुना बाजार कुठून असणार? जुनं मिळतं ते नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र.

तिसरा डंप रेक, म्हणजे लांब वाकड्या दात्यांची एक रांग. ओढत न्यायचा, भरला की लिफ्टने उचलायचा, ढीग मागे पडतो. घोड्यामागे चालायचा त्या काळापासून त्याच्यात काही बदल नाही, कारण बदलण्यासारखं त्यात काही नाहीच. ना बेअरिंग, ना स्प्रिंग, ना ग्रीस. जुन्या कल्टिव्हेटरच्या सांगाड्यावर कोणीही बनवेल. सर्वांत स्वस्त हाच, आणि सपाट माळावरच्या गवताला मी हाच सुचवेन.

पण आमची रानं सपाट कुठे आहेत? पाटपाणी द्यायचं म्हणून घास साऱ्यांत असतो. दर तीन मीटरला वीतभर उंचीचा वरंबा. एका सरळ पट्टीला बसवलेले दाते साऱ्यात नीट टेकले तर वरंब्याला खरवडतात, वरंबा टाळायला उचलले तर साऱ्यात घास मागे राहतो. वरंब्याची माती घासात मिसळली की गाय तोंड फिरवते आणि खाल्लाच तर तिच्या पोटात चाऱ्याऐवजी माती जाते. यंत्र निवडताना लोक ट्रॅक्टरची ताकद विचारतात. आमच्याकडे आधी सारा मोजावा लागतो.

म्हणून चौथा, बोटांच्या चाकांचा, म्हणजे फिंगर व्हील रेक. नेदरलँड्समधल्या मासलँडला व्हॅन डर लेली बंधूंनी १९४८ साली कंपनी सुरू केली ती याच यंत्रावर. याला पीटीओ लागत नाही, गिअर नाही, बेल्ट नाही. पुरुषभर नाही पण छातीइतक्या उंचीची चाकं, त्यांच्या कडेला चहूकडून दाते. दाते जमिनीला टेकतात आणि ट्रॅक्टर पुढे गेला की चाक आपोआप फिरतं. प्रत्येक चाक आपापल्या दांडीवर स्वतंत्र हलतं, त्यामुळे एक वरंब्यावर चढलं तरी बाकीची साऱ्यातच राहतात. तयार यंत्र महाग वाटलं. नुसती चाकं मात्र सुटी मिळतात.

सकाळी साडेआठ

नगर-मनमाड रस्त्यावरचं भंगाराचं दुकान. मालक गादीवर, समोर वजनकाटा. मला चारही चाकं बसवायच्या मुख्य बारसाठी पासष्ट मिलिमीटरची चौकोनी नळी हवी, पाच मिलिमीटर जाडीची. मीटरला नऊ किलोच्या आसपास वजन भरतं. कुठल्याशा गोदामाच्या शेडची काढून आणलेली आहे, गंज वरवरचा. हातोडीने टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेलो. गंजून पातळ झालेली नळी बद्द वाजते, शाबूत असलेली खणखणीत. पावणेतीन मीटरचा तुकडा मिळाला. तीन-बिंदू जोडणीच्या उभ्या चौकटीसाठी सी-चॅनेल, दांड्यांसाठी पन्नासची नळी, प्लेटचे तुकडे.

"काय बनवताय भाऊ?" मालकाने विचारलं.

"घास ओढायचं दाताळं."

"मंग येवढं लोखंड कशाला?"

प्रश्न बरोबर होता. लोखंड सगळं मिळून पाऊणशे किलोच्या आत बसवायचं हे घरून ठरवून आलो होतो. आपल्याकडच्या फॅब्रिकेशनचा स्वभाव असा की शंका आली की जाड पत्रा. ट्रॉली, नांगर यांच्यासाठी ते ठीक. पण दाताळं माती फोडत नाही, वाळत आलेलं गवत बाजूला सारतं. त्याला ताकद थोडी लागते. जास्तीचं वजन फक्त लिफ्टवर आणि मऊ वाफ्यावर पडतं.

सकाळी दहा

मिस्त्रींचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं छप्पर, समोर सिमेंटचा कोबा आणि कोब्यावर वर्षानुवर्षांचे वेल्डिंगचे डाग. चाकं आधीच येऊन पडली होती, लुधियानाहून ट्रान्सपोर्टने, पोत्यात गुंडाळलेली. मिस्त्रींनी एक उभं करून फिरवलं. व्यास एक मीटर चाळीस, दाते चाळीस, सात मिलिमीटर जाडीच्या तारेचे, टोकाला किंचित मागे वळलेले.

कागदावर नकाशा काढून दिला तर मिस्त्री तो घडी घालून खिशात ठेवतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून कोब्यावरच खडूने काढलं, मापात. आधी ट्रॅक्टरची दोन मागची चाकं, मग जाण्याची दिशा म्हणून एक लांब रेघ, मग त्या रेघेला पंचेचाळीस अंशांत तिरका बार.

या तिरकेपणातच सगळं यंत्र आहे. चाक जाण्याच्या दिशेला सरळ लावलं तर ते सायकलच्या चाकासारखं नुसतं घरंगळेल, घास जागचा हलणार नाही. पूर्ण आडवं लावलं तर फिरणार नाही, फळीसारखं पुढ्यातलं ढकलत नेईल. तिरकं लावलं की दोन्ही थोडंथोडं होतं: चाक फिरतं आणि फिरता फिरता खालचे दाते घास बाजूला सरकवतात. पहिलं चाक आपला घास दुसऱ्याच्या पुढ्यात टाकतं, दुसरं दोघांचा तिसऱ्याच्या, आणि चौथ्याच्या पलीकडे एक सलग ओळ पडते. चाकं बारवर नव्वद सेंटिमीटर अंतराने घेतली म्हणजे एकमेकांवर थोडी चढतात, मधे घास सुटत नाही. तिरक्या बारवर चार चाकांनी दोन मीटर चाळीसच्या आसपास रुंदी झाडली जाते. तीन मीटरच्या साऱ्यात एक फेरा, वरंब्याच्या कडेचा घास आत ओढून.

मिस्त्री उकिडवे बसून खडूच्या रेघा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "कोन पक्का नका करू. प्लेटला तीन भोकं पाडतो. रानात बघून बोल्ट बदला."

हा माणूस शाळा किती शिकला मला माहीत नाही, पण हे मला सुचलं नव्हतं. घास दाट असेल तर कोन वेगळा लागतो, विरळ मारवेलला वेगळा. भोकं पाडायला पाच मिनिटं, आणि त्यामुळे यंत्र दोन पिकांचं झालं.

तीन-बिंदू जोडणी मात्र मापाचीच. छोट्या ट्रॅक्टरला खालच्या पिना बावीस मिलिमीटरच्या, वरची एकोणीसची. इथे अंदाज चालत नाही.

साडेअकरा

बारला चौकट टाक्यांवर उभी राहिली आणि आता वाद निघाला, जो निघणारच होता.

"दादा, एका चाकाच्या पैशात मी तुम्हाला चारही चाकं बनवून दिली असती," मिस्त्री म्हणाले. "रिंग वाकवायची, सळईचे दाते वेल्ड करायचे. त्यात काय?"

त्यांचं म्हणणं मोडून काढायचं तर बोलून उपयोग नव्हता. कोपऱ्यात आठ मिलिमीटरच्या सळईचा तुकडा होता, तो शिकंज्यात धरला. हाताने ओढून वाकवला, सोडला. वाकलेलाच राहिला. मग चाकाचा एक दाता तितकाच वाकवला, सोडला. तो झणकन जागेवर आला. मिस्त्रींनी स्वतः पुन्हा दोनदा करून पाहिलं.

"स्प्रिंगचं लोखंड हाय," ते म्हणाले. "मंग ट्रकचे कमानपाटे कापू."

कमानपाटा स्प्रिंगचाच, पण ट्रकचं ओझं पेलायला बनवलेला. त्याचा दाता जमिनीत रुततो, दगडाला अडला तर चाक उचलतं किंवा बार पिळतो. इथे दाता बोटासारखा हलका हवा, ढेकळावरून वाकून पुढे जाणारा. शिवाय पाटा कापायचा गॅसने, आणि बसवायचा वेल्डिंगने. तिथेच त्याचा जीव जातो. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन जास्त असतो आणि त्याला ठरावीक उष्णतेला पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने टाक्याजवळचा भाग लाल होतो आणि बाजूच्या थंड लोखंडामुळे पटकन निवतो, त्यामुळे काचेसारखा ठिसूळ बनतो. त्याच्या थोडं पलीकडचा भाग उलट नरम पडतो. दिसायला टाका सुंदर, आणि चार दिवस रानात हलला की बरोबर टाक्याशेजारी तुकडा पडतो. म्हणून स्प्रिंगचा दाता कायम बोल्टने आणि पट्टीने आवळायचा, वेल्ड कधीच करायचा नाही.

तुकडा पडला तर पडला, दुसरा लावू, असं इथे म्हणता येत नाही. तो पडतो ओळीत, ओळ जाते गंजीत, गंज जाते गव्हाणीत. गाय चारा निवडून खात नाही, जिभेने ओढून गिळते. लोखंडाचा तुकडा जड, तो जाळीपोटात जाऊन बसतो. त्या पोटाच्या आणि काळजाच्या मधे पातळ पडदा आहे. पोट हललं की तार टोचत पुढे सरकते, कधी थेट हृदयाच्या आवरणापर्यंत. गाय खाणं सोडते, पाठ वाकवून उभी राहते, कण्हते. डॉक्टर काही जनावरांना लोहचुंबक गिळवतात ते एवढ्याचसाठी. एका दात्यावर वाचवलेले पैसे एका गायीत घालवायचे, हा व्यवहार मला नको.

त्यामुळे माझी विभागणी सोपी आहे. जे वाकून परत यायला हवं ते विकत घ्यायचं. जे वाकायलाच नको ते इथे बनवायचं. स्वस्त यंत्राच्या नावाखाली लोक याच्या उलट करतात: तयार सांगाडा महागाचा आणतात आणि दाते तुटले की सळई ठोकतात.

मिस्त्री हे पटल्यासारखे दिसले, पण तेवढ्यात त्यांच्या पोऱ्याला एका चाकाचा सैल दाता दिसला आणि तो वेल्डिंगचा होल्डर घेऊन निघाला. मिस्त्रींनी इतक्या जोरात हाक मारली की शेजारच्या पंक्चरवाल्यानेही मान वर केली.

दुपारी एक

थ्री फेज गेली. आठवड्याला वेळापत्रक बदलतं आणि वर्कशॉपचं घड्याळ त्यावरच चालतं. जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, आणि पोऱ्याच्या डब्यातलं शेंगदाण्याचं कालवण, जे सगळ्यांनी खाल्लं.

दुपारी दोन

सिंगल फेजवर इन्व्हर्टर वेल्डिंग आणि ड्रिल चालतं, तेवढ्यावर हबचं काम घेतलं. पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट, त्यावर दोन ६२०५ बेअरिंगं. पाण्याच्या मोटारी भरणाऱ्या प्रत्येकाकडे हे बेअरिंग असतं, रात्री दहालासुद्धा मिळतं. कंपनीचं खास बेअरिंग घेतलं असतं तर ते खराब झालेल्या दिवशी घास रानात वाळून गेला असता. धूळ हा इथला खरा शत्रू, म्हणून दोन्ही बाजूंनी झाकलेलीच घेतली.

मग दांड्या. प्रत्येक चाकाची दांडी बारला एका बुशमध्ये वर-खाली हलते आणि एक ओढ-स्प्रिंग तिचं बरंचसं वजन तोलून धरते. स्प्रिंगला आय-बोल्ट आहे, नट फिरवला की ताण कमी-जास्त. ताण असा हवा की दाते जमिनीला जेमतेम टेकावेत. दोन बोटांनी चाक उचललं गेलं पाहिजे. जास्त टेकलं तर माती उकरतं, कमी टेकलं तर फिरतच नाही. बुशला ग्रीस निप्पल लावायचं की नाही यावर मिस्त्रींशी थोडी घासाघीस झाली. ते म्हणाले, एवढ्या हालचालीला तेलाचे दोन थेंब पुरतात. खरं आहे, पण तेल घालायची आठवण कोणाला राहते? निप्पल लावलं.

दुपारी चार

तीन-सव्वातीनला लाइट आली, टाके पक्के झाले, आणि ट्रॅक्टर वर्कशॉपच्या दारात उलटा आणून लावला. खालच्या दोन पिना बसल्या. टॉपलिंक आवळली. लिफ्ट वर घेतली.

बार उचलला गेला, चाकं मात्र खालीच. दांड्या मोकळ्या हलतात ना, मग लिफ्ट कितीही वर घ्या, त्या लोंबतच राहणार. साऱ्याच्या टोकाला वळताना चारही चाकं जमीन खरवडत फिरली असती. तयार यंत्रांतही याला थांबा दिलेला असतो, पण चित्रात तो दिसत नाही. मिस्त्रींनी प्रत्येक दांडीला वीतभर साखळी टाकली, बारला अडकवून. पुन्हा लिफ्ट वर, या वेळी चाकं हातभर वर आली.

दुसरं पाहायचं ते पुढचं चाक आणि ट्रॅक्टरचं टायर. पूर्ण वर, मधे, पूर्ण खाली असं तीनदा करून मधली फट मोजली. तळहात बसतो, पुरे. तिसरं, ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकांच्या बाजूच्या साखळ्या. तिरका बार घास एका बाजूला ढकलतो तेव्हा घासही बारला उलट बाजूला ढकलतो. साखळ्या सैल असतील तर सगळं यंत्र शेपटीसारखं हलतं आणि ओळ वाकडी पडते. त्या ताणून घेतल्या.

चाकांसकट वजन दीडशे किलोच्या आत आहे, लिफ्टला जड नाही. पण ते मागे लांबवर लटकतं, आणि ट्रॅक्टर हलका. रस्त्याने वरंबे-खड्ड्यांतून नेताना पुढची चाकं उडू नयेत म्हणून पुढे वाळूचं पोतं बांधलं. रंग नंतर, असं मी म्हणालो. मिस्त्रींना ते आवडलं नाही. निदान रेड ऑक्साइडचा एक हात मारल्याशिवाय त्यांच्या दारातून काही जात नाही. ओला रंग अंगाला लावून घेत मी निघालो.

संध्याकाळी साडेपाच

ऊन तिरकं झालंय. घासात हात घातला तर वरची पानं अजून देठाला आहेत, काडीवर नख ओढलं की साल थोडी सुटते, ओल बोटाला जाणवते. वेळ बरोबर आहे. थोडं हवेतलं दमटपण वाढलं की आणखी चांगलं, पण अंधाराच्या आत अर्धा एकर उरकायचा आहे.

लो गिअर, तासाला पाचेक किलोमीटर. या यंत्रात दात्यांचा वेग ट्रॅक्टरच्या वेगाला बांधलेला असतो. घाई केली की दातेही घाई करतात आणि पानं झोडपली जातात. पहिल्या साऱ्यात तीन चाकं छान फिरली, चौथं मधूनच उड्या मारत होतं. त्याच्या पुढ्यात सगळ्यांचा घास साचतो, त्याला जास्त टेकायला हवं. उतरून त्याचा आय-बोल्ट दोन आटे सैल केला, स्प्रिंगचा ताण कमी झाला, चाकाचं वजन जमिनीवर आलं. दुसऱ्या साऱ्यात तेही लागलं कामाला. वरंब्याजवळून जाताना कडेचं चाक वर चढलं, उतरलं, बाकीच्यांना पत्ताही नाही. त्या एका हालचालीसाठी हा सगळा खटाटोप होता.

दोष आहेत. चाकांचं दाताळं घासाला फिरवत नेतं, म्हणून ओळ थोडी दोरासारखी पिळली जाते, रोटरीची ओळ जशी फुगीर पडते तशी नाही. आतला घास उद्या उशिरा वाळेल, कदाचित दुपारी हाताने उलटावा लागेल. खडे असलेल्या रानात हे यंत्र खडेही ओळीत आणतं. आमच्या काळ्या रानात तो त्रास नाही, मुरमाड माळावर असेल. बेलर लावणाऱ्याने आधी हे समजून घ्यावं.

अप्पा ओळीच्या मागे वाकून चालत होते, ओळीकडे न पाहता घास ओढला गेलेल्या रिकाम्या जमिनीकडे पाहत. दाताळ्याची परीक्षा तिथेच असते. हिरवी पापडी किती पडली आहे? त्यांनी मूठभर माती-पाचोळा उचलून तळहातावर पसरला, फुंकला.

"माती न्हाई आली," ते म्हणाले. पानांबद्दल काही बोलले नाहीत, म्हणजे ती फारशी पडलेली नव्हती.

संध्याकाळी साडेसात

मिस्त्री हिशेबाला मोटारसायकलवर रानातच आले; खरं कारण यंत्र चालताना पाहायचं होतं, पण तोवर अंधार पडला होता. चाकांचे पैसे आधीच गेलेले, आणि तेच सगळ्यांत मोठे, एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त. मग लोखंड किलोवर, बेअरिंगं, हाय टेन्साइल बोल्ट, स्प्रिंगा, आणि मजुरी. चाळीस हजारांच्या आत-बाहेर झालं. दोन एकरांच्या माणसाला हेही थोडं नाही, पण यात दरवर्षी मोडणारं काही नाही, आणि जे झिजेल ते गावात मिळतं.

मिस्त्रींना ते दोन दिवस वर्कशॉपच्या दारात उभं करायला हवं होतं. "गिऱ्हाईक बघंल. पुढच्याला पाच चाकांचं करू."

"पाच चाकांचं करा, पण पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीवाल्याला," मी म्हणालो. "आणि दाते—"

"विकतचे. कळलं हो."

घरात काचेची बरणी आणि मीठ परवासाठी काढून ठेवलंय. रचण्याआधी घासाचे तुकडे कोरड्या बरणीत घालायचे, चमचाभर मीठ टाकायचं, झाकण लावून हलवायचं. मीठ सुटं राहिलं तर घास रचण्याजोगा, गोळे झाले तर आणखी एक ऊन. ओलावा मोजायचं यंत्र यातून वाचतं.

रात्री साडेआठ

शेजारच्या मळ्यातले भाऊ जेवण करून आले, बॅटरी घेऊन. यंत्राभोवती एक फेरी मारली, चाक फिरवून पाहिलं, साखळी ओढून पाहिली. मार्चअखेर त्यांचा गहू हार्वेस्टरने निघणार आहे आणि मागे पडलेलं काड त्यांना गोळा करायचंय. भाड्याने द्याल का, एकरी काय घ्याल? मी दर सांगणार तेवढ्यात अप्पा ओट्यावरून म्हणाले, "भाड्याचं मागून बघू. नेताना दाते मोजून न्यायचे, आणताना मोजून आणायचे. एक जरी कमी भरला तर तुमची गंज जनावराला घालायची न्हाई, आधी उसकटायची."

भाऊंनी बॅटरी पुन्हा चाकांवर मारली. "एकशेसाठ दाते मोजायचे, अप्पा?"

"दर येळंला."

त्यांनी पहिल्या चाकापासून सुरुवात केली.